तेवीस ग्रॅमचा हिशोब

पहाटे ५.३०

मे महिन्यात नागपूरकर जमेल ते सगळं उन्हाच्या आधी उरकतात. अंगणात पाणी मारून होतं, डबा भरून होतो. पोळ्या, वांग्याची भाजी, कैरीचा तक्कू आणि बाटलीत पन्हं. आमचा प्लँट सातला सुरू होतो. हिंगण्याकडच्या रस्त्याला लागले की वारा अजून गार असतो आणि अर्धा तास मन मोकळं असतं. गेले दहा दिवस मात्र त्या मोकळ्या वेळातही एकच आकडा डोक्यात फिरतोय. तेवीस.

६.५०

लॉगबुक उघडलं. रात्रपाळीचं अक्षर नेहमीसारखंच घाईचं, पण नोंद पूर्ण आहे. कालच्या बॅचचा ताळा मी पुन्हा एकदा मांडला.

आम्ही टंगस्टन काढतो. आमच्याकडे येतं ते शीलाइट, म्हणजे कॅल्शियम आणि टंगस्टन एकत्र बांधलेलं खनिज. बाजारात विकल्या जाणाऱ्या चांगल्या कॉन्सन्ट्रेटमध्ये टंगस्टन ऑक्साइड ६५ टक्क्यांच्या आसपास असतं. आमच्या पोत्यात १२ टक्के. उरलेले ८८ टक्के बहुतांशी कॅल्साइट, अ‍ॅपटाइट, गारगोटी आणि थोडं लोखंड. एका बॅचला तीन किलो माल घेतो, म्हणजे त्यात टंगस्टन ऑक्साइड ३६० ग्रॅम. काल द्रावणात आणि धुण्याच्या पाण्यात मिळून ३२६ ग्रॅम आलं. चोथ्यात ११ ग्रॅम राहिल्याचं लॅब सांगते. बेरीज ३३७. तेवीस ग्रॅम कुठेच नाहीत.

सहा टक्क्यांहून जास्त. सलग चार बॅचना हेच होतंय, वीस ते पंचवीसच्या मध्ये. एखाद्या बॅचला झालं असतं तर सांडलं म्हणून सोडून दिलं असतं. दर वेळी तेवढंच हरवतंय, त्या अर्थी ते एकाच वाटेने जातंय.

श्रीमंत खनिजावर काम करणाऱ्याला हा आकडा कदाचित टोचणार नाही. गरीब खनिजात प्रत्येक ग्रॅमसाठी आठ ग्रॅम माती दळलेली, तापवलेली आणि गाळलेली असते. त्या सगळ्याचा खर्च होऊन गेल्यावर हाताशी आलेला धातू हरवणं मला सहन होत नाही.

७.१५

कॉन्सन्ट्रेटचा नमुना घेऊन काळ्या पडद्याच्या खोलीत गेले. हा दिवसातला माझा आवडता वेळ. बशीत पसरलेली पूड साध्या उजेडात ओल्या राखेसारखी दिसते, कुणी दुसऱ्यांदा बघणार नाही. अतिनील दिवा लावला की त्याच राखेत निळसर-पांढरे कण पेटतात. शीलाइटचा हा गुण खाणकामगारांच्याही कामी आलाय. रात्री दिवा घेऊन खडक शोधायचे. कण पिवळसर दिसायला लागले की समजायचं, मॉलिब्डेनम आत शिरलंय. आजच्या बशीत दोन-तीन ठिकाणी तशी पिवळी झाक आहे, म्हणजे पुढे सल्फाइडचं काम वाढणार.

शेजारच्या बशीत कालचा चोथा ठेवला. काळोख. एखाददुसरा ठिपका सोडला तर काही पेटत नाही. म्हणजे ऑटोक्लेव्हने, दाबाखाली तापणाऱ्या बंद भांड्याने, त्याचं काम चोख केलंय, शीलाइट फुटलंय, टंगस्टन पाण्यात उतरलंय. दिवा सांगतो चोथ्यात काही नाही, लॅब सांगते थोडंसं आहे, आणि ताळा सांगतो की बरंच काही हरवलंय. तिघेही खोटं बोलत नाहीत हे मला ठाऊक आहे. त्याचाच त्रास होतो.

८.००

प्लँटवरच्या शेंडेभाऊंनी तीन किलो माल तोलून ठेवला होता. त्यांचा हात असा बसलाय की स्कूपने घातलेला पहिलाच ढीग काट्यावर पाच-दहा ग्रॅमच्या फरकाने येतो. त्यात बारा लिटर पाणी आणि ७४० ग्रॅम सोडा अ‍ॅश, म्हणजे धुण्याचा सोडा. रासायनिक गणिताने १६५ ग्रॅम पुरायला हवा. साडेचार पट घालतो, कारण ही क्रिया दोन्ही दिशांनी चालते. सोडा कमी पडला तर सुटलेलं टंगस्टन परत कॅल्शियमला जाऊन चिकटतं. मालात धातू जितका कमी, तितका सोड्याचा हा भार जड होतो. गरिबीचा हा एक कर.

झाकणाचे आठ बोल्ट समोरासमोर आवळत जायचे, सायकलच्या चाकाच्या तारा आवळतात तसे. भांडं वीस लिटरचं, पण ते कधीच काठोकाठ भरत नाही. पाणी २२० अंशांपर्यंत तापलं की फुगतं, त्याला वर जागा लागते.

"मॅडम, आज ढवळणी जरा आवाज करून राह्यली," शेंडेभाऊ म्हणाले. कान लावला. सीलचा आवाज होता. बंद करून, ग्रीस भरून पुन्हा सुरू केली. पंचवीस मिनिटं गेली, पण २२ बारच्या दाबाखाली जे भांडं दोन तास उभं राहणार, त्याच्याबद्दल घाई करायची नाही.

९.४०

तापमान २२० वर टेकलं. आता दोन तास ते तिथेच राहायला हवं.

अशा वेळी नव्याने आलेली मुलं हमखास विचारतात, की हे कॉन्सन्ट्रेट आधीच ६५ टक्क्यांपर्यंत का नेत नाहीत? प्रश्न बरोबर आहे. शीलाइट पाण्याच्या सहा पट जड, गारगोटी अडीच पटीच्या जरा वर, तेव्हा हलवून-पाखडून वेगळं करणं सोपं वाटतं. अडचण अशी की शीलाइट ठिसूळ आहे. दळताना त्याचं पीठ होतं आणि पीठ पाण्याबरोबर वाहून जातं. फेसावर तरंगवून वेगळं करायचं म्हटलं, तर कॅल्साइट आणि अ‍ॅपटाइट यांच्यातही तेच कॅल्शियम असल्यामुळे एकाला जो साबण चिकटतो तो तिघांना चिकटतो. शुद्धता वाढवण्याच्या प्रत्येक पायरीला थोडा धातू गाळात जातो. १२ वरून ६५ वर जाताना हातातला किती गमवायचा, हा प्रश्न आहे. आम्ही १२ वर थांबतो आणि पुढचं काम रसायनावर सोपवतो.

आपल्या देशात टंगस्टन नाही असं नाही. राजस्थानातल्या डेगान्याला वर्षानुवर्षं खाण चालली, १९९०च्या दशकात ती बंद पडली. कोलार आणि हट्टीला सोन्याच्या शिरांसोबत शीलाइट येतं. आणि आमच्या अगदी जवळ, कुही-खोबना भागात भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागाने टंगस्टनचा पट्टा शोधून ठेवलाय. माझं माहेर भिवापूरचं. लहानपणापासून त्या रस्त्याने एसटीने जाते-येते, दोन्ही बाजूंना तुरी, कापूस आणि मिरची. खडकात काय आहे ते नोकरीला लागल्यावर कळलं. तिथलं प्रमाण मात्र टक्क्याच्या अंशात मोजावं लागतं.

जगातलं सुमारे ८० टक्के टंगस्टन चीनमध्ये निघतं. फेब्रुवारी २०२५ मध्ये चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली, आणि आमच्याकडे धूळ खात पडलेल्या फायलींना एकदम मागणी आली. त्याआधी २०२३ मध्ये केंद्र सरकारने महत्त्वाच्या ३० खनिजांची यादी काढली होती, टंगस्टन त्यात आहेच. सगळ्या धातूंत याचा वितळणबिंदू सर्वांत वरचा, ३४२२ अंश. वजन सोन्याइतकं. निम्म्याहून जास्त टंगस्टन कार्बाइडमध्ये जातं, म्हणजे कापणाऱ्या, कोरणाऱ्या हत्यारांच्या टोकांत. उन्हाळ्यात आमच्या गावाकडे रात्ररात्र धडधडणारी बोअरची गाडी ज्या बिटने खडक फोडते, त्या बिटवरच्या कठीण गुंड्या याच धातूच्या. पाण्यासाठी किती खोल जावं लागतंय हे ज्याने पाहिलंय, त्याला या धातूची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

१०.४५

भट्टीखोलीत गेले होते दुसऱ्याच कामाला. परवाच्या बॅचचा चोथा मोठ्या ट्रेमध्ये १०५ अंशांवर वाळून तयार होता, पोत्यात भरायचा बाकी होता. ट्रे बाहेर ओढला आणि थांबले.

करड्या चोथ्यावर पांढरी साय. सगळीकडे सारखी नव्हती. मध्ये जाळीसारखे पट्टे होते, पट्ट्यांच्या मधले तुकडे पांढरे आणि पट्टे स्वतः स्वच्छ करडे. पावसाळ्यानंतर जुन्या भिंतीला लोणा फुटतो, अगदी तसा. नखाने खरवडला तर पिठासारखा सुटला.

हा लोणा मी याआधीही पाहिला असणार. सोडा वापरणाऱ्या प्लँटमध्ये पांढरं काही दिसलं की माणूस म्हणतो सोडा आहे आणि पुढे जातो. आज पट्ट्यांच्या नक्षीमुळे अडकले. ओल्या चोथ्यातलं पाणी वाळताना वर येतं, सोबत विरघळलेलं घेऊन येतं आणि पृष्ठभागावर टाकून उडून जातं. पण मग ते तुकड्यांवरच का, आणि पट्ट्यांवर का नाही?

शेंडेभाऊंना हाक मारली. त्यांनी वाकून पाहिलं. "हे तं भेगा आहेत मॅडम. फिल्टरवर केक फाटते ना, त्या."

भेगा. काळी कन्हारी जमीन चैत्र-वैशाखात फाटते, हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. अशा वावरात वरून पाणी सोडलं तर ते भेगेतून सरळ खाली जातं, ढेकूळ आतून कोरडंच राहतं. माझे बाबा नेहमी सांगायचे, पहिल्या पाण्याला घाई करायची नाही, आधी भेगा बुजू द्यायच्या. फिल्टरवरच्या केकला आम्ही धुण्याचं पाणी घालतो ते याच भेगांतून निघून जात होतं. भेगांच्या कडा धुऊन निघाल्या. मधल्या ढेकळांत मूळ द्रावण तसंच राहिलं, लिटरला जवळजवळ तीस ग्रॅम टंगस्टन ऑक्साइड घेऊन.

गणित मनातल्या मनात केलं. चोथा कोरडा २.७ किलो, ओला असताना त्यात तीस टक्के पाणी, म्हणजे सव्वा लिटरच्या आत-बाहेर द्रावण. अजिबात न धुता ठेवलं तर तेहेतीस-चौतीस ग्रॅम जातील. अर्धवट धुतलं तर? तेवीसच्या जवळ येतंय.

पण मग लॅबला ते दिसलं कसं नाही?

११.३०

प्रज्ञा आमची सगळ्यांत तरुण केमिस्ट. तिला विचारलं, चोथ्याचा नमुना आला की तू पहिल्यांदा काय करतेस?

"ताई, आधी गरम पाण्याने तीनदा धुते. मग वाळवून, दळून सोडियम पेरॉक्साइडबरोबर निकेलच्या मुशीत वितळवते."

"धुतेस का?"

ती गोंधळली. भिंतीवरच्या सूचनापत्रावर बोट ठेवलं. तिसरी ओळ: नमुना विश्लेषणापूर्वी गरम पाण्याने नीट धुवावा. खाली सही माझी, चार वर्षांपूर्वीची. तेव्हा आम्ही फक्त शीलाइट किती फुटलं हे तपासत होतो, आणि त्यासाठी धुणं योग्यच होतं. न फुटलेलं मोजायचं असेल तर फुटून अडकलेलं बाजूला काढावं लागतं. पुढे तोच आकडा मी ताळ्यात वापरायला लागले आणि ती ओळ विसरले. चार बॅच ती पोर प्रामाणिकपणे माझं टंगस्टन मोरीत धूत होती.

तिला तसं सांगितलं, चूक माझी आहे असंही सांगितलं. मग दोघींनी लोण्याची पूड परीक्षानळीत घेतली.

थोडं पाणी, लगेच विरघळली. हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब पडताच फसफसली. हा सोडा, तो असणारच होता. फेस बसल्यावर द्रावण दुधाळ झालं. मग टिन क्लोराइडचं द्रावण घातलं आणि नळी गरम पाण्यात धरली. काही सेकंद काहीच नाही. मग तळाशी धूसर निळं. ते वर चढत गेलं, गडद होत गेलं आणि मिनिटभरात नळीत दौतीतल्या शाईसारखा निळा रंग भरला.

प्रज्ञाने नळी खिडकीच्या उजेडात धरली आणि बराच वेळ बोलली नाही. मॉलिब्डेनमही निळा रंग देऊ शकतं, म्हणून एवढ्यावर शपथ घेता येत नाही. वाळलेल्या चोथ्यातला न धुतलेला शंभर ग्रॅम तिने तोलून घेतला, गरम पाण्यात तासभर ढवळायला लावला. ते पाणी आयसीपी या विश्लेषण यंत्रावर जाईल, संध्याकाळी आकडा मिळेल.

१.००

जेवण. कूलरसमोर चौघे. पन्ह्याची बाटली शेंडेभाऊंकडे सरकवली.

१.५०

ऑटोक्लेव्ह ७० अंशांवर उतरला, दाबाचा काटा शून्यावर. तरीही हवेची तोटी आधी उघडायची, चेहरा बाजूला ठेवून, आणि मगच बोल्टला हात लावायचा. हा नियम इथे कुणीही मोडत नाही.

२.१५

आज फिल्टरपाशी मी स्वतः उभी राहिले. घोळ ओतला, व्हॅक्यूम सुरू केला. द्रावण निवळ खाली येत होतं. इतके दिवस आम्ही काय करायचो? केक पूर्ण कोरडा दिसेपर्यंत ओढायचो आणि मग पाणी घालायचो. कोरडा झाला की छान वाटतं, काम संपल्यासारखं वाटतं. आणि नेमका त्याच क्षणी तो फाटतो.

आज पृष्ठभागावर द्रावणाचा शेवटचा थर उरला तेव्हाच व्हॅक्यूम कमी केला. चमक जाते न जाते, तोच शेंडेभाऊंनी चपट्या पट्टीने केक लिंपल्यासारखा सारवला. एका कडेला केसाएवढी रेघ दिसायला लागली होती, ती त्यांनी अंगठ्याच्या दाबाने बुजवली. मग गरम पाणी, झारीने, हलक्या हाताने, सगळीकडे सारखं. पाणी केकवर उभं राहिलं. पहिल्यांदाच. आजवर ते ओतलं की गडप व्हायचं आणि आम्ही म्हणायचो, वा, किती लवकर धुतलं जातंय.

चार लिटर पाणी तीन वेळा विभागून दिलं. नेहमी वीस मिनिटांत होणारं धुणं आज सव्वा तास चाललं. शेवटी केक उकरून, बादलीत पाण्याबरोबर कालवून पुन्हा एकदा गाळला. शेंडेभाऊंचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेडमध्ये पारा ४४ दाखवत होता.

पाणी वाढलं की द्रावण पातळ होतं, ते आटवायला वीज लागते, हे मला माहीत आहे. त्याचा हिशोबही मांडावा लागेल. पण आधी धातू हातात येऊ दे.

४.१५

द्रावण शुद्ध करण्याचं काम मागच्या बॅचवर चालू आहे. सिलिका काढून झालीय. मॉलिब्डेनम सल्फाइड करून बसवायचं, तेव्हा द्रावण आम्ल करताना हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास आला तर धोका, आणि आलेला वास नाहीसा झाला तर जास्त धोका, कारण तो वायू आधी नाक बधिर करतो. हे काम फ्यूम हूडमध्ये, अलार्म लावून, आणि कधीही एकट्याने नाही.

मग रॉकेलमध्ये मिसळलेल्या अमाइनबरोबर ते द्रावण घुसळायचं. सामू दोन ते तीनच्या दरम्यान असला की टंगस्टन पाणी सोडून तेलात जातं, सोड्यातलं सोडियम पाण्यात मागे राहतं. पुढे अमोनियाने त्याला तेलातून परत पाण्यात ओढायचं. ताक घुसळून लोणी वर काढावं तसं हे काम, फक्त लोण्याला पुन्हा पाण्यात उतरवायचं आहे. आज दोन्ही थर स्वच्छ सुटले. मधली रेघ धारदार.

आटवण्याच्या भांड्यात गेल्या आठवड्याचं अमोनियम पॅराटंगस्टेट तळाशी बसलंय. पांढरेशुभ्र, बारीक स्फटिक. चमचाभर बाटलीत भरले की बाटली अनपेक्षित जड लागते. स्वीडिश भाषेत टंगस्टन या शब्दाचा अर्थच जड दगड. शीले या रसायनशास्त्रज्ञाने १७८१ मध्ये अशाच जड दगडातून नवं आम्ल वेगळं काढलं, आणि दोन वर्षांनी स्पेनमधल्या बेर्गारा इथे एल्हुयार बंधूंनी त्याचा धातू करून दाखवला. आमच्या खनिजाला नाव मिळालं ते शीलेचंच.

५.४०

प्रज्ञा कागद घेऊन धावत आली. शंभर ग्रॅम चोथ्यातून पाण्यात सुटलेलं टंगस्टन ऑक्साइड ०.७५ ग्रॅम. मॉलिब्डेनम नगण्य. २.७ किलोला वीस ग्रॅमच्या जरा वर.

तेवीसातले वीस सापडले. तीन अजून बाहेर आहेत. गाळणीच्या कापडात असतील, नळीत असतील, की काट्याच्या चुकीत, ते उद्या बघू.

सूचनापत्रावरची तिसरी ओळ खोडली. आता प्रत्येक चोथ्याचे दोन नमुने जातील, एक धुतलेला, एक न धुतलेला. लेबलं प्रज्ञाने लिहिली, सही मी केली. आजचा चोथा ट्रेमध्ये पसरून भट्टीत ठेवला आणि रात्रपाळीच्या मुलाला सांगून ठेवलं की वाळला की फोन कर, कितीही वाजले तरी.

रात्री ९.५०

गच्चीवर पाणी मारून गाद्या टाकल्या होत्या. फोन वाजला.

"मॅडम, ट्रे काढला."

"लोणा आहे?"

"मधात नाही जी. सगळा करडा दिसून राह्यला." थोडा थांबला. टॉर्च फिरवत असावा. "कडेकडेनं हाय. बोटभर पट्टा, भांड्याच्या काठानं जसा लागते तसा."

कडेला. म्हणजे केक फिल्टरच्या भिंतीपासून सुटतो आणि पाणी तिथून उतरतं. तिथे पट्टी पोहोचत नाही.

"काठाचा वेगळा खरवडून ठेव," मी म्हटलं, "आणि तोलून वजन लिही."